घणाखालचा रुपया: मराठी टांकसाळींतील वजन, जाडी आणि छाप

अठराव्या शतकात महाराष्ट्राच्या पेठांत चालणारा चांदीचा रुपया म्हणजे ठरावीक कसाची आणि ठरावीक वजनाची चांदीच होती. तिच्यावर टांकसाळीचा छाप असे, परंतु तिची किंमत मुख्यतः अंगच्या धातूवरून ठरे. एकाच टांकसाळीतून एकाच सुमारास पडलेले दोन रुपये शेजारी ठेवले, तर पुष्कळदा एक बसका आणि जाड, तर दुसरा पसरट आणि पातळ दिसतो. एकावर बादशहाच्या नावाचा मधला तुकडा उमटलेला असतो, तर दुसऱ्यावर त्याच मजकुराची खालची कडा तेवढी आलेली असते. तराजूत घातल्यावर मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच भरतात. हा ओबडधोबडपणा कारागिरीतील उणीव म्हणून सहज निकालात काढता येतो. पण टांकसाळीत कोणती गोष्ट काट्यावर तोलली जात होती आणि कोणती सैल सोडली जात होती हे तपासले, तर नाण्यावरचा लोकांचा विश्वास त्या काळी कशावर उभा होता, हे त्याच ओबडधोबडपणातून उलगडते.

या रुपयाचा साचा मराठ्यांनी घडवलेला नव्हता. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकाच्या मध्यास सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचा चांदीचा रुपया सुरू केला आणि मोगलांनी तोच पुढे चालवला. अकबराच्या टांकसाळीचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त तपशीलवार केले असून त्यात दारोगा, सराफ, तोलणारा, धातू वितळवणारा, चकत्या पाडणारा जर्राब, ठसे कोरणारा आणि छाप मारणारा सिक्कची अशी कामांची वाटणी दिली आहे. जर्राबाने चांदीच्या गोल कांबीतून नाण्याएवढे तुकडे पाडावेत, सिक्कचीने तो तुकडा दोन ठशांमध्ये धरावा आणि घणवाल्याने घाव घालून दोन्ही बाजू एकदम उमटवाव्यात, अशी ती रीत होती. याच ग्रंथात रुपयाची किती झीज चालवून घ्यायची आणि किती झिजल्यावर तो निव्वळ चांदी म्हणून मोजायचा, याचेही नियम नोंदलेले आहेत. जहांगीरने राज्यावर आल्यावर रुपयाचे वजन वाढवले आणि काही वर्षांतच पूर्वीच्या वजनावर यावे लागले, हा प्रसंगही हेच दाखवतो की बादशाही धोरणाचे लक्ष वजनावर असे. त्या वजनाची चकती किती रुंद असावी आणि किती जाड असावी, याचा आग्रह तेवढा कडक नव्हता.

मराठ्यांची सत्ता उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे पसरली तेव्हा त्यांनी हाच रुपया उचलला. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. पेशवाईतील चांदीच्या रुपयांवर मात्र मुख्यतः मोगल बादशहाचेच नाव राहिले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बहुधा शाह आलम दुसरा याचे असे. त्यामागे राजकीय सौजन्य होते तसाच रोखठोक व्यवहारही होता, कारण सुरतेपासून बंगालपर्यंत सराफांची नजर ज्या साच्याला सरावलेली होती त्या साच्याचा रुपया दूरच्या बाजारात कमी तक्रारीत खपत असे. पुण्याच्या रुपयावर हत्तीच्या अंकुशाची खूण असल्याने तो अंकुशी म्हणून ओळखला जाई, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही आणि नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातला नागपुरी, अशी नावे रुपयांना पडली होती. टांकसाळ चालवण्याचा परवाना पेशवे सरकार अनेकदा खासगी व्यक्तींना, विशेषतः सोनार आणि सावकार मंडळींना, ठरावीक रक्कम घेऊन देत असे. पेशवे दफ्तरातील अशा नोंदींच्या आधारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील नाणी आणि टांकसाळी यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र निबंध लिहिला. देशात चांदीची मोठी खाण नसल्याने कच्चा माल समुद्रमार्गे येई. अमेरिकेतील खाणींची चांदी स्पॅनिश रियालांच्या आणि लगडींच्या रूपाने सुरतेसारख्या बंदरांत उतरे, व्यापारी ती टांकसाळीत आणून देत, आणि मजुरी व सरकारी हक्क वजा होऊन तिचेच रुपये त्यांच्या हाती पडत.

चांदवडच्या टांकसाळीत हे काम प्रत्यक्ष कसे चाले, याचे वर्णन १८८३ सालच्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आले आहे, आणि ते या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. कसाला उतरलेली चांदी प्रत्येक कारागिराच्या स्वाधीन केली जाई. तो तिचे लहान तुकडे पाडी, त्यांना गोल आकार देई आणि एकेक तुकडा तोलून पाही. वजन बिनचूक यावे याची जेवढी काळजी घेतली जाई, तेवढी आकार सारखा यावा याची घेतली जात नसे, हे गॅझेटियरने मुद्दाम नोंदवले आहे. सुमारे ४०० कारागिरांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र तराजू आणि वजने दिलेली होती आणि टांकसाळीचा कारभारी दर आठवड्याला ती तपासत असे. तुकडे वजनाला पुरे उतरले की ते छापण्यासाठी जात. छापण्याची जागा म्हणजे मध्ये खळगा असलेली आणि त्या खळग्यात अक्षरे कोरलेली ऐरण; एकाने तुकडा खळग्यात टाकायचा, दुसऱ्याने वरचा ठसा त्यावर धरायचा आणि तिसऱ्याने सहा पौंडी घणाचा घाव घालायचा. असे तीन माणसांचे टोळके तासाला २,००० आणि दहा तासांच्या दिवसात २०,००० रुपये छापू शकत असे. याचा अर्थ दोन सेकंदांना एकाहून थोडा अधिक रुपया ठशाखालून निघत होता, आणि तुकडा ठशाच्या नेमका मध्यावर बसला की नाही हे न्याहाळण्यास त्या वेगात उसंतच नव्हती.

तोलण्यास भरपूर वेळ आणि छापण्यास जेमतेम निमिष, ही श्रमाची वाटणी समजून घेतली की जाडीतला फरक आपोआप उलगडतो. शुद्ध चांदीच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम असते, त्यामुळे ११.४ ग्रॅमच्या रुपयाचे घनफळ एक घन सेंटिमीटरहून किंचितच जास्त भरते आणि वजन कायम असल्याने चकती जेवढी रुंद तेवढी ती पातळ होणे अटळ असते. चकतीचा व्यास २० मिलिमीटर ठेवला तर तिची जाडी जवळजवळ साडेतीन मिलिमीटर येते. व्यास २२ झाला तर जाडी तीनाच्या आत उतरते, २५ झाला तर सव्वादोनच्या खाली जाते आणि ३० मिलिमीटरच्या चकतीला दीड मिलिमीटरच जाडी उरते. व्यासातल्या दोन-तीन मिलिमीटरांच्या फरकाने जाडी एवढी बदलते, म्हणून तुकडा ठोकून चपटा करणाऱ्या कारागिराचे चार घाव अधिक पडले की रुपया डोळ्यांना वेगळा दिसे, पण त्यातल्या चांदीत गुंजभरही फरक पडत नसे. वजन जास्त भरले तर तुकड्याचा काठ छिलून कमी केला जाई आणि कमी पडले तर चांदीचा बारीक कण ठोकून बसवला जाई. जुन्या हिंदुस्थानी रुपयांवर अशा ठिगळाची जागा कधी कधी ओळखू येते. ठोकताना चांदी कडक होत जाते, म्हणून तुकडा मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो, आणि हे तापवणे अपुरे राहिले तर घणाखाली काठाला चिरा पडतात, ज्या मराठी टांकसाळींच्या रुपयांवर वारंवार आढळतात.

जाड आणि लहान चकतीचे काही व्यावहारिक लाभही होते, आणि ते ध्यानात घेतल्यावर मराठी टांकसाळींचे रुपये बहुधा बसके का, याचा उलगडा करणे सोपे जाते. सारख्याच वजनाची २२ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर व्यासाची चकती घेतली, तर रुंद चकतीचा एकूण पृष्ठभाग अरुंद चकतीच्या दीडपटीहून अधिक भरतो, म्हणजे हाताळताना आणि थैलीत घासताना झिजणारी जागाही तेवढी वाढते. जो रुपया तोलून घेतला जाणार, त्याची झीज म्हणजे धन्याचे थेट नुकसान. त्यामुळे आटोपशीर आकार हा उच्च कसाच्या मऊ चांदीला सोयीचा होता. तीच मऊ चांदी हातघणाच्या एका घावात ठशाची अक्षरे चांगली उचलत असे, त्यामुळे धातूचा कस, चकतीचा आकार आणि छापण्याची रीत या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या.

छापाच्या अपुरेपणाचे कारणही टांकसाळीच्या याच पद्धतीत सापडते. ठसा चकतीपेक्षा मोठा कोरलेला असे, त्यामुळे कोणत्याही एका रुपयावर सगळा मजकूर उमटणे क्वचितच घडे. एका बाजूस बादशहाचे नाव, पदव्या आणि हिजरी सन, तर दुसऱ्या बाजूस राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव अशी फार्सी मजकुराची मांडणी असे. तुकडा खळग्यात जसा पडेल त्याप्रमाणे या मजकुराचा कधी वरचा, कधी डावीकडचा भाग नाण्यावर येई आणि नेमके टांकसाळीचे नाव किंवा सन काठाबाहेर जाई. घाव पडताना वरचा ठसा निसटला तर अक्षरे दुहेरी उमटत, ठसा तिरपा धरला गेला तर एक कड ठळक आणि दुसरी कोरी राही, आणि आधीचा रुपया ठशालाच चिकटून बसला तर पुढच्या तुकड्यावर एका बाजूस त्याच मजकुराची खोलगट, उलटी प्रतिमा उमटे. ठसे हाताने कोरलेले असल्याने प्रत्येकाचे वळण निराळे असे, आणि ज्या कोरक्यांना फार्सी वाचता येत नसे त्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत गेलेली अक्षरे हळूहळू नक्षीसारखी दिसू लागत. अशा स्थितीत रुपया कोणत्या टांकसाळीचा हे ओळखण्यासाठी मजकुरापेक्षा खुणाच अधिक उपयोगी पडत. पुण्याचा अंकुश किंवा इतर टांकसाळींची फुले, त्रिशूळ, सूर्य अशी चिन्हे मजकुराच्या मध्याजवळ कोरलेली असत, त्यामुळे छाप बराच सरकला तरी ती नाण्यावर येण्याचा संभव अधिक राही.

हेच कारागीर मनात आणले तर पूर्ण छापाचा रुपया पाडू शकत होते, हे नजराण्याच्या नाण्यांवरून सिद्ध होते. दरबारात भेट देण्यासाठी पाडलेली ही नाणी रुंद आणि पातळ चकतीवर छापली जात, ठशाची संपूर्ण वर्तुळाकार किनार आणि सगळी अक्षरे त्यांवर उमटत, आणि वजन मात्र पुष्कळदा नेहमीच्या रुपयाएवढेच असे. जयपूर संस्थानचे नजराणी रुपये त्यांतील विशेष प्रसिद्ध आहेत. अशी चकती तयार करण्यास वेळ जास्त लागे आणि छापताना प्रत्येक तुकडा नीट मध्यावर बसवावा लागे. दरबारी नजराण्यासाठी हा खर्च परवडे, पण दिवसाला २०,००० रुपये काढणाऱ्या टांकसाळीत तो केला असता तर मजुरी वाढली असती आणि चांदीच्या किमतीत कवडीचीही भर पडली नसती. तेव्हा चालू रुपयाचा वेडावाकडा आकार हा टांकसाळीने हिशेबाने पत्करलेला होता.

छाप अपुरा आणि जाडी कमी-जास्त असलेला रुपया बाजारात निर्वेध चालण्यासाठी पारखणारा माणूस लागतो, आणि मराठी मुलखात ती व्यवस्था पेठेपासून गावापर्यंत पोहोचलेली होती. शहरात सराफ रुपया तोलून, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकून आणि संशय आल्यास कसोटीवर घासून त्याचा भाव ठरवी. गावात सरकारी वसुलीचे रुपये पारखण्याचे काम पोतदाराकडे असे, तो बहुधा सोनारच असे आणि त्याचे नाव बलुतेदार-अलुतेदारांच्या याद्यांमध्ये आढळते. पारखलेल्या रुपयावर सराफ आपली बारीक खूण ठोकत, त्यामुळे हात बदलत गेलेल्या एकेका रुपयावर चंद्रकोर, ठिपके, फुलीसारख्या अशा अनेक खुणांची गर्दी झालेली दिसते. रुपया कोणत्या टांकसाळीचा, किती जुना आणि कितपत झिजलेला यांवरून त्याच्या दर्शनी किमतीतून जी वजावट होई तिला बट्टा म्हणत, आणि एका प्रांतातला रुपया दुसऱ्या प्रांतात गेला की बट्टा वाढे. बंगालमध्ये तर चालू सालचा सिक्का पूर्ण भावाने आणि मागील सालचे सिक्के वजावट करून घेण्याची रीत इतकी पक्की होती की, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला अठराव्या शतकाच्या अखेरीस शाह आलमच्या एकोणिसाव्या वर्षाचाच आकडा सर्व रुपयांवर कायम ठेवून ती मोडावी लागली. बट्ट्यात सराफाला नफा होता आणि त्याच्या मनमानीविरुद्ध रयतेची तक्रारही असे. मात्र ज्या रुपयाची कड, जाडी आणि छाप यांपैकी काहीच एकसारखे नव्हते, त्याच्या व्यवहारात पारखणाऱ्याची मजुरी कुणाला तरी द्यावीच लागणार होती.

ईस्ट इंडिया कंपनीने ही मजुरी यंत्राकडे वळवली. मुंबईत कंपनीची टांकसाळ सतराव्या शतकापासून होती आणि तीही दीर्घकाळ हातघणावरच मोगली धाटणीचे रुपये पाडत होती. कलकत्त्यात आणि मुंबईत वाफेवर चालणाऱ्या नव्या टांकसाळी १८३० च्या सुमारास उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्याची यंत्रे इंग्लंडहून आणली गेली. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने देशभरातील नाना रुपयांची वजने आणि कस यांचे तक्ते प्रसिद्ध केले, ज्यांत मराठी मुलखातील रुपयेही आले. त्यानंतर १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असलेला एकच रुपया ठरला. या रुपयाचे वजन आणि इंग्रजी तोळा हे दोन्ही एकच, म्हणजे ११.६६ ग्रॅम असल्याने रुपया स्वतःच वजन म्हणून तराजूत ठेवता येऊ लागला आणि सराफकट्ट्यावर तसा तो पुढे पुष्कळ काळ वापरलाही गेला.

यंत्रावरच्या या कलदार रुपयात चांदीची पट्टी रुळांमधून काढून आधी जाडी पक्की केली जाई आणि मग ठरावीक व्यासाच्या चकत्या कापल्या जात. म्हणजे हातघणाच्या टांकसाळीत वजन आधी आणि आकार नंतर असा जो क्रम होता तो उलटा होऊन आकारातूनच वजन साधले जाऊ लागले. चकती कड्यात अडकवून दाबली जात असल्याने धातूला बाजूला पसरण्यास वाव उरला नाही, छाप पूर्ण उमटला आणि काठावर उभ्या खाचा आल्या. या खाचांमुळे रुपयाची कड कातरून किंवा कानस लावून चांदी चोरणे लगेच ध्यानात येई. सुमारे ३० मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड चकती शुद्ध चांदीची ठेवली असती तर ती लवकर झिजली असती, म्हणून तांब्याचा बारावा हिस्सा घालून तिला टणकपणा आणला गेला, आणि अशी टणक चकती एका दाबात छापण्याची ताकद हातघणात नव्हती, यंत्रात होती. रुपये रचून मोजता येऊ लागले, एकेक तोलण्याची गरज उरली नाही आणि पोतदाराचे पारखण्याचे काम हळूहळू नाममात्र झाले.

हातघणाचा रुपया तरीही एकदम नाहीसा झाला नाही. संस्थानांच्या टांकसाळी चालूच राहिल्या. बडोद्याच्या गायकवाडांचा बाबाशाही रुपया आणि निजामाच्या मुलखातील हाली सिक्का हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही जुन्याच पद्धतीने पाडले जात होते. हाली सिक्क्यानेही पुढे यंत्र स्वीकारले आणि त्यावर चारमिनारचे चित्र आले, पण त्यातली चांदी कलदारापेक्षा कमी असल्याने सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब मराठवाड्याच्या बाजारात निजामाचे संस्थान भारतात विलीन होईपर्यंत आणि नंतरही काही वर्षे अनेकांच्या तोंडपाठ होता.

आकार पक्का झाल्यावर धातूचे महत्त्व कमी होण्यास फार काळ लागला नाही. जगात चांदीचा भाव घसरत गेल्याने सरकारने १८९३ साली टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या; त्यापूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, तो मार्ग संपला आणि रुपयाची दर्शनी किंमत त्याच्यातल्या चांदीहून वर राहू लागली. याचा एक विपरीत परिणाम असा झाला की अस्सल चांदीचाच बनावट रुपया पाडणेही आता फायद्याचे ठरले, आणि जो धोका पूर्वी हिणकस धातूतून येई तो हुबेहूब आकारातून येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, काठाच्या खाचांत बनावटीला आळा घालणारी विशेष घडण आली, आणि १९४७ साली तर रुपया निकेलचा झाला. ज्या काळात रुपयाची जाडी, व्यास आणि कड मिलिमीटरच्या अंशापर्यंत सारखी झाली, त्याच काळात त्याला तोलण्याचे कारण संपले.

नाणेशास्त्रात मराठी टांकसाळींच्या रुपयांना ओबडधोबड म्हणण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि तिचे मूळ कलदाराच्या मापाने त्यांना मोजण्यात आहे. अभ्यासकाला मात्र या सैलपणाचा उपयोगच होतो. एका रुपयावर ठशाचा जो भाग आला नाही तो दुसऱ्यावर सापडतो, म्हणून एकाच ठशाने पाडलेले चार-पाच रुपये शेजारी ठेवून चांदवडच्या किंवा पुण्याच्या ठशाचा पूर्ण मजकूर जुळवता येतो. ठशाला पडत गेलेली चीर कोणत्या नाण्यावर लहान आणि कोणत्यावर मोठी दिसते यावरून ती कोणत्या क्रमाने पडली हे लावता येते, आणि खुणा बदलत गेल्या की टांकसाळीचा धनी किंवा परवाना बदलल्याचा माग काढता येतो. यंत्राच्या एकसारख्या रुपयांतून एवढा तपशील क्वचितच हाती लागतो. चांदवडच्या चारशे तराजूंवर जे काटेकोर ठेवले गेले त्यातून त्या काळची चांदीची नीती कळते, आणि घणाखाली जे सुटून गेले त्यातून टांकसाळीचा रोजचा कारभार कळतो.